स्वतःसारखा दिसणारा अवतार: पहिल्या यादीपासून शेवटच्या फाइलपर्यंत

अवतार, म्हणजे ऑनलाइन खात्यावर स्वतःच्या जागी लावायचं चित्र, करायला बसलेला नवखा माणूस ॲप उघडतो आणि थेट केसांचे पर्याय चाळायला लागतो. मग डोळे, मग कपडे, मग टोपी. तासाभराने समोर एक नीटनेटका, देखणा चेहरा तयार होतो, पण तो कुणाचाही असू शकतो. पर्याय आधी पाहिले आणि स्वतःचा चेहरा नंतर, म्हणून असं होतं. काय दाखवायचं आणि काय सोडायचं हे कागदावर ठरल्याशिवाय चित्राला हात लावू नका. चित्रकला बेताची असली तरी चालते. हा निर्णय मात्र टाळता येत नाही.

इथली पद्धत मुख्यतः सपाट अवतारासाठी आहे, म्हणजे नावाशेजारी छोट्या गोलात किंवा चौकोनात दिसणारा चेहरा. त्रिमितीय अवताराबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. साधनं साधीच लागतात. संगणकावर क्रिटा किंवा इंकस्केप ही चित्र काढायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. फोनवर इबिस पेंटसारखं लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले वेगळे थर) असलेलं कोणतंही ॲप. ड्रॉइंग टॅबलेट नसेल तर इंकस्केप घ्या, कारण त्यात रेषा बिंदू ओढून वाकवता येते आणि माउसवर काम भागतं. हात सरावाचा असेल तर क्रिटा.

यादी, आणि तिची काटछाट

कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात लोक तुम्हाला कशावरून ओळखतात ते लिहा, दुसऱ्यात तुम्हाला स्वतःबद्दल काय दिसायला हवं आहे ते. दोन्हीकडे फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. ‘शांत स्वभाव’ काढता येत नाही. ‘जड पापण्या, आडव्या भुवया, मिटलेले ओठ’ काढता येतात. पहिला रकाना शक्यतो ओळखीच्या दोघांना विचारून भरा. प्रश्न असा विचारा: ‘मला कधीच न पाहिलेल्या माणसाला मला गर्दीत शोधायचं असेल, तर तू काय सांगशील?’ दोघांच्या उत्तरात जे समान येईल ते जवळजवळ नक्की ठेवायचं.

मग यादीतल्या तीन गोष्टी ठेवा, चौथी नको. कारण सरळ आहे. अवतार बहुतेक ठिकाणी ३२ ते ४८ पिक्सेल रुंदीत दिसतो आणि तेवढ्या जागेत तीनहून जास्त खुणा एकमेकींना खाऊन टाकतात. कोणत्या तीन ठेवायच्या याचा क्रमही ठरलेला आहे. सर्वांत लांबून बाहेरची कड कळते: केसांचा आकार, डोक्यावरचं वस्त्र, दाढी, मोठे कान, उभट किंवा पसरट चेहरा. त्याखालोखाल मोठे गडद-फिकट भाग कळतात, म्हणजे चष्म्याची फ्रेम, दाट भुवया, मिशी, कानशिलावरचे पांढरे केस. मग रंग. तीळ, खळी, नाकातली चमकी या सर्वांत शेवटी. गालावरचा तीळ तुम्हाला अगदी आपला वाटतो, पण १०२४ पिक्सेलच्या चित्रात १० पिक्सेलचा काढलेला तीळ ४८ पिक्सेलला अर्ध्या पिक्सेलचा होतो, म्हणजे नाहीसाच होतो. तो हवाच असेल तर २२ ते २४ पिक्सेलचा, धीटपणे काढा आणि त्याला तिघांतली एक जागा द्या.

दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टी जास्त विचार करायला लावतात. व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कोडाचे डाग, भाजल्याची खूण, डोक्यावरचं वस्त्र, स्वतःचं लिंग आपण कसं मांडतो: यातलं काय दाखवायचं हे फक्त तुम्ही ठरवायचं. न दाखवणं म्हणजे लपवणं नव्हे. दाखवायचं ठरलं की मात्र ते अचूक काढा, कारण तीच गोष्ट वापरणाऱ्या दुसऱ्या माणसाला चूक पहिल्या नजरेत दिसते. कानामागे बसणाऱ्या श्रवणयंत्राचं मुख्य अंग कानाच्या मागे असतं आणि त्यातून एक बारीक नळी पुढे येऊन कानाच्या भोकात जाते; नवखे लोक ते गाणी ऐकायच्या इअरबडसारखं काढतात. कॉक्लिअर इम्प्लांटला (शस्त्रक्रियेने बसवलेल्या श्रवणाच्या साधनाला) याशिवाय डोक्याला चिकटलेली एक गोल चकती असते, कानाच्या थोडी मागे आणि वर. कोडाचे डाग बऱ्याच जणांमध्ये दोन्ही बाजूंना साधारण सारखे आणि डोळ्यांच्या व तोंडाच्या कडेने असतात. ते कडेला धूसर न करता स्पष्ट कडेचे काढा, नाहीतर प्रकाश पडल्यासारखे दिसतात.

स्वतःला किती ‘सुधारायचं’ हाही प्रश्न इथेच सोडवा. स्टॅनफर्डमध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंच अवतार मिळालेली माणसं पैशाच्या वाटणीच्या खेळात जास्त आग्रही वागली. म्हणजे अवताराचा परिणाम बघणाऱ्यांइतकाच तो वापरणाऱ्यावरही होतो. थोडी सरळ मान, थोडे टवटवीत डोळे यात काही बिघडत नाही. पण त्वचा दोन छटा उजळ, नाक निमुळतं, जबडा बारीक असं तिन्ही केलंत, तर ओळख पटवणाऱ्या खुणाच गेल्या.

फोटो कसा घ्यायचा

हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीवरून अवतार काढू नका. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोन दीड मीटरवर टेकवा, टायमर लावा आणि नंतर फोटो कातरा. एक समोरून, एक थोडी मान वळवून, दोन्ही खिडकीच्या उजेडात, पण थेट ऊन चेहऱ्यावर नको. फ्लॅश तर नकोच, त्याने सावल्याच मरतात आणि चेहऱ्याची ठेवण कळत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आरशात आणि पुढच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण स्वतःला उलटं पाहतो. तुमचा भांग कोणत्या बाजूला आहे, कोणती भुवई वर चढलेली आहे, हे जगाला तुमच्या नेमकं विरुद्ध दिसतं. अवतार लोकांसाठी असेल तर सुलट फोटोवरून काढा. तो तुम्हाला किंचित परका वाटेल आणि ओळखीच्यांना अगदी बरोबर वाटेल.

शैली एकच धरा

तीन शैली नवख्याला झेपतात: जाड बाह्यरेषा आणि सपाट रंग; रेषाच नाही, फक्त रंगांचे आकार; किंवा एकेक चौकोन भरून काढलेलं पिक्सेल चित्र. सुरुवातीला पहिली घ्या, तिच्यात चुका लवकर दिसतात. पिक्सेल चित्र लहान असतं म्हणून सोपं असेल असं वाटतं, तसं नाही. १९८४च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी ३२ गुणिले ३२ च्या चौकटीत चिन्हं काढली, तेव्हा एकेका चौकोनाचा निर्णय करावा लागला होता. तिथे एक पिक्सेल हलला की हसरा चेहरा रुसका होतो.

शैलींची सरमिसळ मात्र नको. सपाट गाल आणि बारीक छायेचे, ओलसर, हुबेहूब डोळे असा चेहरा अंगावर येतो. मासाहिरो मोरी यांनी १९७० साली यंत्रमानवांबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं: माणसासारखेपणा वाढत जातो तशी जवळीक वाढते, आणि जवळजवळ माणूस पण पूर्ण नाही अशा टप्प्यावर ती एकदम कोसळते. डोळ्यांत जितका तपशील, तितकाच ओठांत आणि केसांत ठेवा.

चौकट आणि मापं

कॅन्व्हास (चित्राची चौकट) १०२४ गुणिले १०२४ पिक्सेल, रंगांची पद्धत एसआरजीबी, म्हणजे पडद्यांसाठीची नेहमीची. पुढची सगळी मापं याच कॅन्व्हासची आहेत. पहिल्या लेयरवर १०२४ व्यासाचं वर्तुळ काढून ठेवा, कारण बरीच ठिकाणं चित्र गोल कापतात आणि चौकोनाचा सुमारे २१.५ टक्के भाग कोपऱ्यांत जातो. आत ८६० व्यासाचं दुसरं वर्तुळ काढा. महत्त्वाचं सगळं या आतल्या वर्तुळात.

डोकं कापलं जाण्याची तक्रार इथूनच सुरू होते. वर्तुळ माथ्याकडे फार लवकर अरुंद होतं: चौकटीच्या वरच्या कडेपासून ८ टक्के खाली त्याची रुंदी पूर्ण रुंदीच्या जेमतेम ५४ टक्के असते. पसरट, फुललेले केस तिथे दोन्ही बाजूंनी छाटले जातात. अशा केसांसाठी चेहरा लहान करा किंवा अख्खं चित्र ४० ते ५० पिक्सेल खाली सरकवा. छाती आणि खांदे थोडे कापले गेले तर काही बिघडत नाही. साध्या केसांच्या चेहऱ्याला माथ्यापासून हनुवटीपर्यंत ६२० ते ६६० पिक्सेल उंची आणि ४८० च्या आसपास रुंदी पुरते.

रेषेची जाडीही आत्ताच ठरवा. १०२४ चं चित्र ४८ वर आलं की २१ पिक्सेलची रेषा एका पिक्सेलची होते. म्हणून बाहेरची कड २४ ते २८, आतल्या मुख्य रेषा २० ते २२. त्याहून बारीक रेषा मोठ्या आकारात शोभेच्या. त्यांच्यावर ओळख अवलंबून ठेवू नका.

आधी काळी आकृती

नव्या लेयरवर एकाच गडद रंगाने डोकं, केस, मान आणि खांदे भरून काढा. डोळे नाहीत, नाक नाही. ही आकृती ६४ पिक्सेलपर्यंत लहान करून बघा. यादीतली निदान एक खूण तिच्यात दिसायला हवी: अंबाडा, कुरळ्यांचा घेर, टोकदार दाढी, टक्कल आणि बाहेर आलेले कान, काहीही. काहीच दिसत नसेल तर आतल्या तपशिलाने ते भरून निघत नाही. अशा वेळी मान थोडी वळवा म्हणजे नाकाची किंवा अंबाड्याची कड बाहेर येते, किंवा एक खांदा वर घ्या. इथे अर्धा तास गेला तरी चालेल, पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा वेळ वाचतो.

चेहऱ्याची ठेवण

डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात. नवखे ते हमखास वर चढवतात, कारण कपाळ आणि माथा त्यांना ‘रिकामी’ जागा वाटते. चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांची, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढं अंतर. म्हणजे ४८० रुंद चेहऱ्यात एक डोळा ९६ चा. नाकाचं टोक डोळे आणि हनुवटी यांच्या मधोमध, आणि जिवणी नाक-हनुवटीच्या अंतरात वरून एक तृतीयांशावर.

ही सरासरी झाली. आता फोटोशी ताडून तुमचा चेहरा तिच्यापासून कुठे हटतो ते शोधा आणि तो फरक थोडा वाढवा. डोळ्यांमधलं अंतर खरोखर १० टक्के जास्त असेल तर चित्रात १५ टक्के करा. सारखेपणा इथे सापडतो. सरासरी मापं तंतोतंत पाळणारा चेहरा कुणाचाच नसतो. दोन्ही बाजू आरशासारख्या उतरवणारं सिमेट्रीचं साधन याच कारणासाठी बंद ठेवा. एक भुवई वर, हसताना एका बाजूला जास्त ओढली जाणारी जिवणी, यांत माणूस दिसतो.

नाक लहान आकारात सर्वांत त्रास देतं. दोन नाकपुड्यांचे ठिपके काढले की डुकराचं नाक दिसतं. त्याऐवजी एका बाजूची सावली किंवा नाकाच्या बुडाची एक वळणदार रेषा काढा. रुंद नाकाला ती रेषा रुंद ठेवा, आणि नाक सडपातळ करण्याचा मोह आवरा.

चष्मा

चष्मा ही फार बळकट खूण आहे, पण तीच सर्वांत जास्त बिघडते. गडद फ्रेम, गडद बुबुळ आणि गडद भुवई लहान आकारात एकत्र येऊन काळा डाग होतो. हे टाळायला मापं अशी घ्या. डोळ्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर १९२ असेल, तर प्रत्येक काच बाहेरून १५० रुंद आणि मधला पूल सुमारे ४० चा. फ्रेमची जाडी २६ धरली तर आत १०० च्या आसपास मोकळी जागा राहते. त्यात डोळा पूर्ण काढू नका. ४० रुंदीचा एक उभट ठिपका ठेवा, म्हणजे फ्रेम आणि डोळा यांच्यात दोन्ही बाजूंना सुमारे ३० मोकळे राहतात. भुवई फ्रेमच्या वर निदान २० पिक्सेल मोकळे सोडून काढा. तेवढी जागा नसेल तर भुवई गाळा आणि भाव फ्रेमच्या वरच्या कडेच्या कलातून आणा.

काचेच्या आतली त्वचा बाहेरच्यापेक्षा किंचित उजळ भरली की डोळे उठून येतात. काचेवरची चकाकी बुबुळावर येऊ देऊ नका. वरच्या कोपऱ्यात एक तिरपी पट्टी, १५ ते २० टक्के अपारदर्शकता, बस. फ्रेमपासून कानापर्यंत जाणारी दांडी विसरलात तर चष्मा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. आणि नंबर मोठा असेल तर एक छान तपशील घालता येतो: उणे नंबरच्या काचेतून डोळा लहान दिसतो आणि गालाची कड आत सरकलेली दिसते, अधिक नंबरच्या काचेतून डोळा मोठा दिसतो. मान वळवलेल्या चेहऱ्यात पलीकडच्या काचेतली गालाची कड २० पिक्सेल आत घ्या. अनेक वर्षं जाड काचा वापरणाऱ्याला तो चष्मा लगेच आपला वाटेल.

बिनफ्रेमचा चष्मा लहान आकारात दिसतच नाही. फक्त वरची कड काढा किंवा तो खुणांच्या यादीतून गाळा.

केस आणि दाढी

एकेक केस काढायचा नाही, आधी संपूर्ण ढीग. कुरळ्या केसांची कड वेगवेगळ्या आकारांच्या फुगवट्यांनी करा: काही ९० ते १२० पिक्सेलचे, काही ५० ते ६० चे, मधूनच २५ ते ३० चे. सगळे सारखे काढले तर डोक्यावर ढग बसतो. आत मूळ रंग, खालच्या बाजूला एक गडद भाग आणि पाच-सात वळणदार उजळ बटा एवढं पुरतं. सरळ केसांत भांगाची जागा आणि चमकेचा एक पट्टा महत्त्वाचा. तो पट्टा डोक्याच्या गोलाईप्रमाणे वळला पाहिजे, सरळ आडवा गेला की हेल्मेट दिसतं. काळे केस म्हणून निव्वळ काळा रंग वापरू नका. ब्राइटनेस (रंगाचा उजळपणा) १२ ते १८ टक्के ठेवा, नाहीतर सावलीला जागाच उरत नाही.

टक्कल काढताना माथा छोटा करू नका, डोळ्यांवर अर्धं डोकं असतं हे तिथेही लागू आहे. खुरटी दाढी ठिपक्यांनी काढली तर लहान आकारात मळकट दिसते. जबड्यावर केसांच्या रंगाचा २० ते २५ टक्के अपारदर्शक थर पुरेसा आहे.

रंग

त्वचेचा रंग फोटोतून एकाच ठिकाणचा उचलू नका. कपाळ, गाल आणि मान अशा तीन जागांचे रंग घ्या आणि मधला ठरवा. बहुतेक मानवी त्वचा ह्यूच्या, म्हणजे मूळ रंगाच्या, चक्रावर नारिंगीच्या आसपास, साधारण १० ते ३५ अंशांत बसते. फरक पडतो तो सॅच्युरेशन (रंगाचा गडदगहिरेपणा) आणि ब्राइटनेसने. सावली करताना मूळ रंगात काळा मिसळण्याची चूक सर्रास होते आणि चेहरा राखाडी, आजारी दिसतो. सावली लालीकडे सरकवा आणि सॅच्युरेशन वाढवा. मध्यम सावळ्या त्वचेचं उदाहरण: मूळ रंग ह्यू २२, सॅच्युरेशन ५५, ब्राइटनेस ६२; याच क्रमाने सावली १४, ६५, ४४; उजळ भाग २८, ४५, ७६. खूप गडद त्वचेत चेहऱ्याची ठेवण सावलीपेक्षा उजळ भागांतून कळते, म्हणून कपाळ, गालाची हाडं आणि नाकाचा दांडा यांवरचे उजळ आकार धीटपणे ठेवा. त्वचा फिकी करून ‘तपशील दिसावा’ असा प्रयत्न करू नका, पार्श्वभूमी बदला.

पार्श्वभूमी भरलेलीच हवी. पारदर्शक ठेवली तर डार्क मोडमध्ये काळे केस गायब होतात, आणि काही ठिकाणी पारदर्शक भाग आपोआप काळा किंवा पांढरा भरला जातो. केस आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ३:१ कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) ठेवा. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत अर्थ सांगणाऱ्या चित्रांसाठी हेच प्रमाण दिलं आहे, आणि ते मोजून देणारी फुकट साधनं सहज मिळतात. लाल-हिरव्याच्या फरकावर ओळख टांगू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला तो फरक नीट कळत नाही.

एकूण रंग पाच-सहाच: त्वचेचे तीन, केसांचा, कपड्याचा, पार्श्वभूमीचा. आवडता रंग कपड्याला द्या किंवा पार्श्वभूमीला, दोन्हीला नको.

चार तपासण्या

चित्र आडवं उलटून बघा. क्रिटात त्यासाठी ‘एम’ हे बटण आहे. कललेला डोळा, सरकलेली हनुवटी लगेच दिसते. मग सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला लेयर ठेवून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ करा, म्हणजे चित्र राखाडी दिसेल. चेहरा आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळली तर रंग कितीही वेगळे असोत, उजळपणा सारखा झालेला आहे. तिसरी तपासणी म्हणजे चित्र ३२, ४८ आणि ९६ पिक्सेलला खरोखर लहान करून फोनवर बघणं. मोठं चित्र दूर धरून बघणं हे याला पर्याय नाही, कारण लहान करताना रेषा धूसर होतात. चौथी: यादी बनवताना विचारलेल्या माणसांना सोडून तिसऱ्या ओळखीच्या माणसाला दाखवा आणि ‘हा कोण?’ एवढंच विचारा. ‘छान आहे’ हे उत्तर उपयोगाचं नाही. नाव आलं तर चित्र झालं. नाव आलं नाही तर रंगांशी खेळत बसू नका, थेट काळ्या आकृतीकडे परत जा.

तयार भागांचं ॲप वापरत असाल तर

वरची यादी आणि तीन खुणांचा नियम इथेही तसाच. फक्त क्रम बदला: डोक्याचा आकार, मग त्वचा, मग केस, मग चष्मा, आणि डोळे सर्वांत शेवटी. ॲपमधले डोळे-ओठ एकमेकांसारखेच असतात, ओळख बाहेरच्या कडेतून येते. इमोजीत २०१५ पासून त्वचेच्या फक्त पाच छटा आहेत. त्यावर बेतलेल्या ॲपमध्ये तुमची छटा सापडेलच असं नाही. ॲपलच्या मेमोजीसारख्या ठिकाणी रंग सरकपट्टीने बदलता येतो, तिथे फोटोशेजारी धरून ठरवा. हवे तसे केस नसतील तर जवळचे घेऊन बाहेर काढलेल्या चित्रावर क्रिटात ते वाढवता येतात, पण आधी परवानगी बघा. पिक्रू या तयार भागांतून अवतार जुळवायच्या जपानी संकेतस्थळावर प्रत्येक चित्रकार आपल्या संचासाठी नियम ठरवतो: स्वतःपुरता वापर, बिनव्यावसायिक वापर, व्यावसायिक वापर, चित्रात फेरफार. पहिल्याची परवानगी म्हणजे चौथ्याची नव्हे.

चेहरा नकोच असेल तर प्राणी, वस्तू किंवा अक्षरही अवतार होऊ शकतं. प्राणी निवडलात तर तुमच्या तीन खुणांतली एक त्याच्यावर चढवा, म्हणजे तो कुठलाही कोल्हा न राहता तुमचा होतो. देवनागरी अक्षर घेताना जोडाक्षर आणि वरच्या मात्रा टाळा. ३२ पिक्सेलला त्यांच्यातल्या फटी बुजतात. ‘र’, ‘ग’, ‘म’ अशी मोकळी अक्षरं टिकतात. शिरोरेषा वर्तुळाच्या रुंद भागात येईल इतपत अक्षर खाली घ्या.

त्रिमितीय अवतार

सुरुवात व्हीरॉइड स्टुडिओने करा. तो फुकट आहे, सरकपट्ट्यांनी चेहरा घडतो, केस ब्रशने ओढून काढता येतात आणि फाइल व्हीआरएम या त्रिमितीय अवतारांच्या प्रकारात मिळते. मूळ पुतळा ॲनिमे शैलीचा असल्यामुळे डोळे मोठे आणि नाक-जबडा नाजूक असतो. हे आधी बदला, केसांना नंतर हात लावा. हेडसेट लावून वापरणार असाल तर उंची आणि हाताची लांबी खरी ठेवा, नाहीतर समोरच्या वस्तूला हात लावताना अंदाज चुकत राहतो.

वजनही बघा. त्रिमितीय पुतळ्याचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांनी बनतो. व्हीआरचॅट या अवतार घेऊन गप्पा मारायच्या आभासी जगात मोबाइल आणि क्वेस्ट हेडसेटसाठी २०,००० त्रिकोणांपुढचा अवतार सर्वांत खालच्या दर्जात जातो, संगणकावर ७०,००० पुढचा, आणि असे अवतार बऱ्याच जणांना दिसतच नाहीत. बहुतेक त्रिकोण केस खातात. व्हीरॉइडमधून बाहेर काढताना पॉलिगॉन (म्हणजे हेच त्रिकोण) कमी करण्याची सोय आहे. ती केसांवर आधी वापरा. व्हीआरएम फाइल व्हीआरचॅटमध्ये थेट चढत नाही, युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रूपांतर करावं लागतं. हा वेगळा दिवस धरा.

फाइल आणि खाजगीपणा

लेयरसकट मूळ फाइल वेगळी जपा आणि केस, चष्मा, दाढी, कपडे, पार्श्वभूमी असे लेयर वेगवेगळे, नावं देऊन ठेवा. चढवण्यासाठी १०२४ ची पीएनजी काढा. जेपीईजी टाळा: त्यात रंगाची माहिती बहुतेक वेळा उजळपणाच्या निम्म्या बारकाईने साठवली जाते, त्यामुळे गडद भागावरच्या बारीक लाल रेषा धूसर होतात. बरीच ठिकाणं चढवलेलं चित्र पुन्हा दाबून लहान करतात, मग हा दोष वाढतो. तरीही लाल ओठ किंवा लाल फ्रेम धूसर झालीच तर रेषा जाड करा किंवा शेजारचा रंग उजळ करा.

एकच अवतार दोन खात्यांवर लावला की ती दोन खाती एकाच माणसाची आहेत हे सांगितल्यासारखंच होतं. कामाचं खातं आणि टोपणनावाचं खातं वेगळं ठेवायचं असेल तर पार्श्वभूमीचा रंग बदलून भागत नाही. चित्रावरून चित्र शोधणारी साधनं तेवढ्याने फसत नाहीत. मुद्रा, शैली आणि तीन खुणांपैकी निदान दोन बदला. आधीच कुठे टाकलेल्या फोटोवरून गिरवून काढलेला अवतारही त्या फोटोपर्यंत नेऊ शकतो, म्हणून टोपणनावासाठी वेगळा, कुठेही न टाकलेला फोटो आधाराला घ्या. फोटो चढवून अवतार बनवून देणाऱ्या सेवेत तो फोटो किती दिवस ठेवतात आणि कशासाठी वापरतात हे आधी वाचा. फोनने काढलेल्या मूळ फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात; ते काढून मगच तो बाहेर द्या.

पुढे चष्मा बदलला, केस कापले, दाढी ठेवली तर अख्खा अवतार नव्याने काढू नका. त्या एका लेयरवर बदल करा, ४८ पिक्सेलची तपासणी पुन्हा घ्या आणि सगळ्या ठिकाणी एकाच दिवशी चढवा, म्हणजे लोकांना जुना आणि नवा असे दोन चेहरे दिसत राहणार नाहीत.